छातीच्या एक्स-रेवर पाणी पटकन ओळखायची सोपी ट्रिक कोणती?

तुम्ही इंटर्न आहात, रात्री रेडिओलॉजिस्ट नसतो, पांढरं दिसलं की पाणी म्हणायचं की न्यूमोनिया हे कळत नाही आणि म्हणून सोपी ट्रिक हवीय, असा तुमचा प्रश्न आहे. ट्रिक एकच आहे आणि ती फारशी कुणाला आवडत नाही. पांढरं कुठंय ते शोधायच्या आधी फोटो काढताना पेशंट कसा होता ते बघा, उभा, बसलेला की पाठीवर झोपलेला. कोपऱ्यात मार्करशेजारी आम्ही 'एपी सुपाइन' (पाठीवर झोपवून, समोरून किरण सोडून काढलेला) वगैरे टाकतो ते शोभेला नसतं. मी एक्स-रे टेक्निशियन आहे, बरीच वर्षं पोर्टेबल मशीन वॉर्डावॉर्डातून ढकलतोय, आणि त्या दोन शब्दांवरून माझी जेवढी भांडणं झालीत तेवढी पगारावरूनही झाली नसतील.

सीपी अँगल (बरगड्या आणि डायफ्रॅम म्हणजे श्वासपटल यांच्यातला खालचा टोकदार कोपरा) ब्लंट, मेनिस्कस (पाण्याची वर चढणारी वक्र कड), हे तुम्हाला पाठ असेलच, ते परत सांगत नाही. पण ते सगळं उभ्या पेशंटचं आहे. आणि उभ्यातसुद्धा पीएवर, म्हणजे पाठीकडून किरण सोडून काढलेल्या फोटोत, अँगल बुजेपर्यंत आत साधारण २०० मिली जमलेलं असतं, कधी त्याहून बरंच जास्त, कारण पाणी आधी मागच्या खोल कोपऱ्यात उतरतं आणि तो कोपरा पीएवर डायफ्रॅमच्या आड जातो. लॅटरल, म्हणजे बाजूने, काढला तर मागचा अँगल ५०-७५ मिलीलाच बुजलेला दिसतो, पण लॅटरल मागवतो कोण.

पेशंट पाठीवर झोपला की सगळंच बदलतं. बाटली आडवी केल्यासारखं पाणी मागे पसरतं, फुप्फुसाच्या पाठीमागे सगळीकडे थर, आणि समोरून फोटो काढला की त्या बाजूला वरून खालपर्यंत नुसती धुरकट छटा येते. धड कड नाही, मेनिस्कस नाही, अँगलही कित्येकदा स्वच्छ. त्या धुरकटपणातून वेसल्स (रक्तवाहिन्या) मात्र दिसत राहतात, न्यूमोनियाच्या पॅचमध्ये त्या हरवतात आणि एअर ब्रॉन्कोग्राम (पांढऱ्यात हवेच्या काळ्या नळ्या) दिसू शकतो. म्हणजे सुपाइनवर अँगल साफ दिसतोय म्हणून 'नो इफ्युजन' (फुप्फुसाभोवती पाणी नाही) लिहून मोकळं होणं हा शुद्ध आळस आहे.

हे माझ्या डोक्यात इतकं का बसलंय ते सांगतो. एका रात्री वॉर्डातून कॉल आला, वयस्कर पेशंट, ताप, धाप, अंगाने जड, ऑक्सिजनवर. सिस्टरना विचारलं बसवता येईल का, त्या म्हणाल्या डॉक्टरांनी हलवू नका म्हणून सांगितलंय. ठीक आहे, काढला सुपाइन, माणूस जड म्हणून ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) लावून. फोटो आला तर डावी बाजू उजवीपेक्षा अख्खी थोडी पांढुरकी. ड्युटीवरच्या रजिस्ट्रार साहेबांनी स्क्रीनकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "काय हो हे, ग्रिड वाकडी लावलीत, एक बाजू मारली गेलीय. रिपीट करा."

आता ग्रिड कट-ऑफने एक बाजू पांढरी पडते हे खरंय, पेशंट वळलेला असला तरी दोन बाजूंच्या काळेपणात फरक पडतो हेही खरंय, त्यामुळे शंका घेण्यात काही गैर नाही. पण शंका तपासता येते ना. मी म्हटलं, सर, क्लॅव्हिकलची (गळ्याखालच्या हाडांची) आतली टोकं स्पायनस प्रोसेसपासून (मणक्याच्या मधल्या टोकापासून) दोन्हीकडे सारख्याच अंतरावर आहेत, म्हणजे पेशंट वळलेला नाही. आणि ग्रिडमुळे झालं असतं तर त्या बाजूची काख, खांदा, छातीबाहेरचं मांस सगळंच पांढरं पडलं असतं, ते दोन्हीकडे एकसारखं आहे, फरक फक्त बरगड्यांच्या आत दिसतोय. मागे पाणी असेल, एक डेक्युबिटस (कुशीवर झोपवून) काढूया का. उत्तर आलं, "तुम्ही फोटो काढा, वाचायचं काम आमचं आहे."

हे वाक्य ऐकलं नाही असा टेक्निशियन मला अजून भेटलेला नाही. रिपोर्ट देणं आमचं काम नाही हे मान्यच आहे, कायद्यानेही आणि अकलेनेही. पण दिवसभर छात्याच बघणाऱ्या माणसाला ग्रिडमुळे आलेला पांढरेपणा आणि पाण्याचा पांढरेपणा यातला फरक कळत नसेल तर मग कुणाला कळणार?

शेवटी सिस्टर मध्ये पडल्या. म्हणाल्या, सर, रिपीट करायचाच आहे तर कुशीवर काढू दे की, एक्स्पोजर तर एकच लागणार. त्यांना पटलं की नुसता वैताग आला माहीत नाही, "काढा, पण नीट काढा" म्हणाले आणि खुर्चीत बसले. मी आणि वॉर्डातले मामा, दोघांनी मिळून पेशंटला डाव्या कुशीवर घेतलं. संशयाची बाजू खाली असते, आणि तिच्याखाली टणक पॅड घालावाच लागतो, नाहीतर जी कड बघायचीय तीच गादीत बुडते. हात डोक्यावर, कॅसेट पाठीला, एक्स-रे ट्यूब आडवी. मग काही मिनिटं नुसतं थांबायचं, पाण्याला खाली उतरायला वेळ लागतो, तेवढा वेळ सिस्टरचे डोळे सॅच्युरेशनवर आणि मामांचे माझ्यावर, कारण पेशंटचं वजन त्यांच्या हातावर होतं.

फोटोत डाव्या बरगड्यांच्या आतून लांबच्या लांब एकसारखा पांढरा पट्टा, सेंटिमीटरपेक्षा बराच जाड. सेंटिमीटरच्या वर थर असला की सुईने काढण्याइतकं पाणी आहे असं धरतात. साहेब काही बोलले नाहीत, केसपेपरवर 'यूएसजी चेस्ट' (छातीची सोनोग्राफी) लिहिलं आणि निघून गेले. सकाळी राउंड चालू असताना मी शेजारच्याच बेडचा फोटो काढत होतो तर कानावर आलं, "मला इफ्युजनचा डाउट आला म्हणून मी डेक्युबिटस करून घेतला." मोठे सर म्हणाले व्हेरी गुड. मामा माझ्याकडे बघायला लागले, मी आपली मशीनची वायर गुंडाळत होतो. पुढे सुईने टॅप झालं, इन्फेक्शनचं पाणी निघालं, ते काढायला छातीत ट्यूब टाकली, पेशंट बरा होऊन घरी गेला, तो भाग चांगलाच झाला.

असो. तुम्ही पाणी म्हणताना बहुधा पल्मनरी एडिमाही धरलाय, म्हणजे फुप्फुसाच्या आतलं, ते वेगळं प्रकरण आहे. हार्ट फेल्युअरचं असेल तर आधी वरच्या वेसल्स जाड होतात, मग केर्ली बी लाइन्स येतात, पीटर केर्ली या आयरिश रेडिओलॉजिस्टने १९३३ मध्ये वर्णन केलेल्या, तळाशी बाहेरच्या कडेला प्ल्युराला (फुप्फुसाच्या आवरणाला) काटकोनात एक-दोन सेंटिमीटरच्या बारीक आडव्या रेघा, आणि मग हायलाच्या (फुप्फुसाच्या मुळाच्या) दोन्ही बाजूंना पसरलेलं बॅट विंगवालं पांढरं. पण इथेही पोझिशन सुटत नाही. झोपलेल्या माणसाच्या वरच्या वेसल्स तशाही भरतात. एपीमध्ये हृदय मोठंच दिसतं कारण ते कॅसेटपासून लांब असतं आणि ट्यूब जवळ, पीए १८० सेंमीवरून काढतात, पोर्टेबल बहुतेक वेळा १०० च्या आसपास. म्हणजे सुपाइन बघून 'कार्डिओमेगाली, अपर लोब डायव्हर्जन' (हृदय मोठं, वरच्या वेसल्स भरलेल्या) लिहिणाऱ्याने निम्मं निदान माझ्या मशीनचं केलेलं असतं. केर्ली लाइन्स दिसल्या तर त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवा, नुसतं आडवं झाल्याने त्या येत नाहीत. आणि मागच्या ९-१० रिब्स मोजता येतायत का ते आधी बघा, श्वास अर्धवट असेल तर चांगल्या माणसाचा तळही पांढरा दिसतो.

एक बाजू पूर्ण पांढरी असेल तर ट्रेकिया (श्वासनलिका) बघा. भरपूर पाणी असेल तर मेडियास्टायनम (छातीचा मधला भाग) पलीकडे ढकललं जातं, कोलॅप्स (फुप्फुस मिटलेलं) असेल तर त्याच बाजूला ओढलं जातं, आणि इतकं पांढरं असूनही ट्रेकिया मधोमध असेल तर जास्त काळजी करा, दोन्ही एकदम असू शकतं आणि मग ब्रॉन्कस (फुप्फुसात जाणारी नळी) अडवणारी गाठ शोधावी लागते. वरची कड वक्र नसून पट्टी ठेवल्यासारखी सरळ असेल तर पाण्याबरोबर हवाही आहे, पण ती रेघ फक्त बीम आडवा असेल तरच दिसते, झोपवून वरून काढलेल्या फोटोत नाही. डायफ्रॅमच्या वर, फुप्फुसाच्या खाली साचलेलं पाणी अजून फसवं, नुसता डायफ्रॅम उचलल्यासारखा वाटतो. तिथे डोमचं (डायफ्रॅमच्या घुमटाचं) टोक बाहेरच्या बाजूला सरकलंय का बघायचं, डावीकडे असेल तर पोटाचा गॅस आणि डोम यातलं अंतर वाढलंय का तेही.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. मी डॉक्टर नाही, माझं वाचून कुणाला टॅप करायला जाऊ नका, रिपोर्ट रेडिओलॉजिस्टचाच. प्रत्येक पेशंटला बसवता येत नाही, तिथे हट्ट करू नका. डेक्युबिटस आता फारसा कुणी काढत नाही कारण बेडशेजारी सोनोग्राफी होते आणि तिला एक्स-रेपेक्षा कितीतरी कमी पाणी दिसतं, मशीन हाताशी असेल तर तीच करा, माझा राग डेक्युबिटस न काढण्यावर नाहीच. अँगल ब्लंट दिसला म्हणजे पाणीच असंही नाही, जुनं प्ल्युरा जाड झालेलं असतं, कुशीवर केलं की पाणी पसरतं आणि जाड प्ल्युरा तिथंच राहतं. आणि पाणी आहे हे कळलं तरी ते पू आहे, रक्त आहे की हार्ट फेल्युअरचं आहे हे पांढऱ्या रंगावरून कुणालाच सांगता येत नाही.

रिक्विझिशनवर नुसतं 'सीएक्सआर' (छातीचा एक्स-रे) लिहून पाठवू नका. 'धाप, डावीकडे एअर एंट्री कमी, जमल्यास बसवून' एवढं लिहिलंत तर आम्ही उशी लावून, मामांना हाताशी घेऊन बसवायचा प्रयत्न करतो, नुसत्या 'सीएक्सआर'ला रात्री तीन वाजता कोण करणार, खरं सांगतो. लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) दिल्यावर दोन तासांत परत फोटो मागवून काहीच फरक नाही म्हणू नका, पेशंट आधी सुधारतो, फोटो बऱ्याचदा एखादा दिवस मागे असतो. आणि तो दुसरा फोटो आधीच्याच पोझिशनमध्ये मागवा, काल झोपून आणि आज बसवून काढलेले दोन फोटो शेजारी लावून पाणी वाढलं की कमी झालं यावर तावातावाने बोलणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यात आमचे रजिस्ट्रार साहेब सगळ्यात पुढे होते.