एंडॉर्समेंटसाठी एफडी मोडू का?

प्रश्न : मी 31 वर्षांचा, कल्याणचा ड्रमर. ऑर्केस्ट्रा, हळदी, अधूनमधून रेकॉर्डिंग, मिळून वर्षाला साडेसहा लाख सुटतात. रेकॉर्डिंगचे दिवसाला 5,000, हळदीला ऑक्टोपॅडवर (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) 4,000. एका ड्रम कंपनीने एंडॉर्समेंट, म्हणजे त्यांच्या वाद्यांची जाहिरात करण्याचा करार, देऊ केली आहे. छापील 3,20,000 रुपयांचा ड्रमसेट सिंबलसकट (धातूच्या थाळ्या) 45 टक्के सवलतीत, वर 38,000चा स्नेअर (करकरीत आवाजाचा ड्रम) भेट. (दुकानात हाच सेट 2,75,000ला मिळतो, नुसते सिंबल सवलतीत 62,000ला पडतील.) बदल्यात दोन वर्षं त्यांचीच तालवाद्यं वाजवायची, महिन्याला दोन व्हिडिओ करायचे, वर्षाला चार कार्यशाळा विनामानधन घ्यायच्या. मध्येच करार सोडला तर सवलत परत करायची. त्यासाठी दोन लाखांची एफडी मोडू का? दुसरी बचत नाही.

उत्तर : कंपनीने तुम्हाला हेरलं याचा आनंद वाटू द्या, तो तुमच्या हाताचा मान आहे. पण एफडी मोडू नका, आणि हा करार आहे तसा सही करू नका.

एंडॉर्समेंट म्हटलं की डोळ्यांपुढे मोठी नावं येतात. 1952मध्ये गिब्सनने लेस पॉल यांच्या नावाचं गिटार काढलं, तेव्हा विकल्या जाणाऱ्या गिटारीवर त्यांना रॉयल्टी ठरली होती. ती कमाई. तुमच्या करारात कंपनीकडून एक रुपयाही तुमच्या हातात येत नाही. उलट तुम्हीच 1,76,000 मोजणार आहात. म्हणजे ही खरेदी आहे, आणि तिचा हिशेब खरेदीसारखाच करायचा.

सवलत छापील किमतीवर 1,44,000 दिसते. पण दुकानात सेट 2,75,000ला मिळत असेल तर तुमचा खरा फायदा 99,000. स्नेअर धरून 1,37,000. आता तुमचे कष्ट मोजू. दोन वर्षांत आठ कार्यशाळा, तुमच्याच रेकॉर्डिंगच्या दराने 40,000. व्हिडिओ 48; एकेकाचे फक्त 1,500 धरले तरी 72,000. उरले 25,000. ‘फक्त त्यांचीच तालवाद्यं’ या शब्दांत तुमचा ऑक्टोपॅडही अडकतो, कारण तो दुसऱ्या कंपनीचा आहे. दोन वर्षांत सात हळदी हातच्या गेल्या की तेही 25,000 संपले. मध्येच करार सोडलात तर परत मागतील ते 1,44,000, दुकानाच्या भावाने निघणारे 99,000 नव्हेत.

मला सर्वांत जास्त खटकतं ते पुढचं. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला ड्रमसेट बहुतेक वेळा साउंडवाला पुरवतो आणि तो कुठल्याही कंपनीचा असू शकतो. ड्रमर घरून नेतो ते सिंबल, स्नेअर, पेडल. म्हणजे ज्या सेटसाठी तुम्ही घरची गंगाजळी रिकामी करणार, तो महिन्यातले बरेच दिवस घरीच बसणार. आणि कार्यक्रमात साउंडवाल्याचा सेट वाजवलात की कराराचा भंग! अशा जागेवर पुरवलेल्या वाद्यांना (बॅकलाइनला) सूट लिहून मागणं तुमचा हक्क आहे. कलाकारांच्या करारांत ती सर्रास असते.

म्हणून कंपनीला ईमेलवर उलट प्रस्ताव द्या. बंधन फक्त ड्रम आणि सिंबलपुरतं, पॅड मोकळा. आयोजकाने किंवा साउंडवाल्याने दिलेल्या सेटला सूट. दोन महिन्यांतून एक व्हिडिओ. कार्यशाळेला मानधन, निदान प्रवासखर्च तरी. करार संपवायचा झाल्यास दोन्ही बाजूंनी तीन महिन्यांची नोटीस, आणि परतफेड झालीच तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात. शेवटच्या मुद्द्यावर अडून बसा, बाकीच्यांत थोडं पुढे-मागे चालेल. हे मान्य झालं तर फक्त सिंबल घ्या. ते रोज तुमच्याबरोबर फिरतील, आवाजात फरक पडेल आणि 62,000 रुपये गणपती-नवरात्राच्या कमाईतून उभे राहू शकतात. कंपनी तोवर थांबायला तयार नसेल तर तिला जाऊ द्या.

भेटीच्या स्नेअरवर कर आहे, हे बहुतेक कलाकारांना कोणी सांगतच नाही. 1 जुलै 2022पासून व्यवसायानिमित्त मिळालेल्या वस्तूंचं मूल्य वर्षाला 20,000च्या वर गेलं की देणाऱ्याला 10 टक्के टीडीएस भरावा लागतो. वस्तूतून कर कापता येत नाही, म्हणून कंपनी 3,800 रुपये तुमच्याकडे मागू शकते. ते 38,000 तुमच्या उत्पन्नात दाखवायचे. नव्या करप्रणालीत 2025-26पासून तुमच्याएवढ्या कमाईवर कर शून्य होतो, तेव्हा विवरणपत्र भरलं की 3,800 परत मिळतील. भरलं नाही तर गेले. त्याऐवजी स्नेअर करार संपेपर्यंत वापरायला आणि मग परत, असा मागितला तर हा प्रश्नच येत नाही.

व्हिडिओत ‘ही वाद्यं मला कंपनीकडून सवलतीत मिळाली आहेत’ हे स्पष्ट सांगा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जून 2022मध्ये आलेल्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपनीशी असलेलं नातं उघड करणं जाहिरात करणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि दिशाभूल ठरली तर पहिल्याच वेळी दंड 10 लाखांपर्यंत जातो. तुमच्या शब्दावर एखादा शिकाऊ मुलगा आईवडिलांच्या पैशातून सेट घेणार आहे, त्याला हे कळायला हवं.

एफडीबद्दल पुन्हा सांगतो. चातुर्मासात लग्नं नाहीत, पितृपक्षात तर फोनही वाजत नाही. मनगट दुखावलं तर महिना-दोन महिने काम बंद. साडेसहा लाख वर्षाचे असले तरी ते महिन्याच्या पगारासारखे येत नाहीत, म्हणून तुमच्या हातात नोकरदारापेक्षा जास्त, निदान सहा महिन्यांचा घरखर्च हवा. दोन लाखांत तो भागतो का, हे आधी घरच्यांबरोबर बसून तपासा. भागत नसेल तर सिंबलही पुढच्या वर्षी घ्या.