जॉबकार्डावर गाडी ‘ओके’, रस्त्यावर मात्र बंद

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी नवीन ऑटोमॅटिक गाडी घेतली. दुसऱ्या महिन्यापासून चालत्या गाडीची ताकद मध्येच जाते, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागते. बंद करून पुन्हा चालू केली की काही दिवस नीट चालते. डीलरकडे पाच वेळा नेली. दर वेळी ‘सॉफ्टवेअर अपडेट केलं, टेस्ट ड्राइव्ह घेतली, गाडी ओके आहे’ असं सांगून परत देतात. आता वर्क्स मॅनेजर म्हणतात कंपनीशी बोला आणि कंपनीच्या हेल्पलाइनवर सांगतात डीलरशी बोला. वॉरंटी अजून शिल्लक आहे. घरच्यांना घेऊन या गाडीतून निघायची मला भीती वाटते. मला गाडी बदलून किंवा पैसे परत हवे आहेत. काय करू?

उत्तर :

ताई, आधी तुमच्या भीतीबद्दल. ती रास्त आहे. मागून भरधाव ट्रक येत असताना गाडीची ताकद जाणं म्हणजे काय, हे जॉबकार्डावर, म्हणजे गाडी वर्कशॉपला देताना तक्रार नोंदवतात त्या कागदावर, ‘ओके’ लिहिणाऱ्याला कळायला हवं होतं. दोष निघेपर्यंत ही गाडी महामार्गावर नेऊ नका. यामागे कायद्याचंही कारण आहे. गाडी धोकादायक आहे असं तुम्ही म्हणता आणि तरी ती हजारो किलोमीटर चालवलीत, तर समोरचे वकील ग्राहक आयोगापुढे सर्वांत आधी ओडोमीटरचा आकडा वाचून दाखवतात. दोष असता तर गाडी इतकी चालली असती का, हा त्यांचा ठरलेला प्रश्न असतो आणि तो बऱ्याचदा लागू पडतो.

कायदा तुमच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. वस्तूच्या गुणवत्तेत किंवा दर्जात असलेली कोणतीही उणीव तीत येते, मग तो दर्जा कायद्याने ठरवलेला असो, करारातला असो किंवा विक्रेत्याने दावा केलेला असो. दोष सिद्ध झाला तर कलम ३९ खाली जिल्हा आयोग तो दूर करायला सांगू शकतो, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत व्याजासह परत करण्याचा आदेश देऊ शकतो आणि वर भरपाई व खर्चही देऊ शकतो.

पण तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. ‘बदलून द्या’ म्हटलं की बदलून मिळते, असं नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की वॉरंटीच्या अटींत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं बंधन असेल, तर कंपनीवर अख्खी गाडी बदलून देण्याची सक्ती करता येणार नाही. ग्राहकाला झालेल्या त्रासाची भरपाई मात्र त्याच निकालात मिळाली. पुढे २०१० मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात याच न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून गाडी तपासून घ्यायला सांगितलं आणि मूळ उत्पादनातच दोष आढळला तर पूर्ण किंमत परत करा, असा आदेश दिला. हे दोन्ही निकाल एकत्र वाचले की तुमचा मार्ग कळतो. दोष मुळातला आहे आणि पुरेशी संधी देऊनही डीलर-कंपनीला तो काढता आला नाही, या दोन्ही गोष्टी तुम्हाला दाखवाव्या लागतील. आणि त्या दाखवण्याचं सर्वांत भक्कम साधन आहे जॉबकार्ड.

म्हणून पाचही भेटींची जॉबकार्डं आज रात्रीच काढून बघा. ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक प्रकरणांत तिथे ‘जनरल चेकअप’, ‘पिकअप कमी’ किंवा नुसतं ‘फ्री सर्व्हिस’ लिहिलेलं सापडतं. ग्राहक काउंटरवर दहा मिनिटं पोटतिडकीने सांगतो, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर दोन शब्द टाइप करतो आणि आपण घाईत सही करून रिक्षा पकडतो. वर्षभराने आयोगापुढे ते दोन शब्दच उरतात. तुमच्या कार्डांवर पाच वेळा पाच वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतील, तर कंपनी म्हणेल की ही नेहमीची किरकोळ कामं होती. पाचही वेळा ‘चालताना ताकद जाते, इंजिनाचा दिवा लागतो’ असं असेल, तर तुमची अर्धी केस उभी राहिली म्हणून समजा.

जुन्या कार्डांत चूक असेल तर त्यांवर स्वतःच्या हाताने काही लिहू नका. डीलरला एक ईमेल पाठवा, प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला. त्यात प्रत्येक भेटीची तारीख, त्या दिवशीचं रनिंग, तुम्ही तोंडी सांगितलेली तक्रार आणि गाडी किती दिवस वर्कशॉपमध्ये होती, हे लिहा. ‘जॉबकार्डावर माझी तक्रार पूर्ण नोंदवलेली नाही’ हे वाक्य त्यात हवंच. त्यांनी उत्तर दिलं नाही तरी तो ईमेल तुमच्या उपयोगाचा आहे.

पुढच्या वेळी गाडी नेताना तक्रार घरीच चार ओळींत लिहून न्या आणि तेच शब्द कार्डावर घ्यायला लावा. अ‍ॅडव्हायझरने नकार दिला तर तिथेच उभं राहून त्याला आणि डीलरच्या अधिकृत ईमेलवर मजकूर पाठवा, मगच किल्ली द्या. गाडी आत घेतल्याची तारीख, वेळ आणि किलोमीटर कार्डावर असू द्या. परत घेताना ‘काय काम केलं, कोणता भाग बदलला’ याची लेखी नोंद मागा. काहीच सापडलं नसेल तर ‘दोष आढळला नाही’ असं तरी लिहून घ्या. तुम्हाला वाटेल की हे तर आपल्याच विरोधात जाणारं वाक्य. पण ‘दोष नाही’ म्हणून दिलेली गाडी आठवड्याभरात त्याच तक्रारीसाठी टोइंगवर परत आली, की तेच वाक्य त्यांच्या विरोधात उभं राहतं.

असा मधूनमधून येणारा दोष पकडणं अवघड, हे मान्य. ताप उतरल्यावर डॉक्टरकडे जावं तसं होतं. म्हणून गाडी बंद पडेल तेव्हा आधी सुरक्षित जागी थांबा आणि मग सोबतच्या माणसाला डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्यायला सांगा. त्यात दिवा, रनिंगचा आकडा आणि वेळ दिसली पाहिजे. शक्य असेल तर गाडी बंद-चालू न करता कंपनीच्याच रोडसाइड असिस्टन्सला फोन करा. त्यांच्या नोंदीत तारीख, ठिकाण आणि कारण येतं, आणि तो कागद कंपनीचाच असल्यामुळे नाकारणं कठीण जातं. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावतात तेव्हा त्यात आलेल्या एरर कोडची प्रिंट लेखी मागा. ‘कोड डिलीट केले’ असं सांगितलं तर तेही ईमेलमध्ये नोंदवा. मूळ व्हिडिओ फोनमधून पुसू नका. पुढे तो पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल. ते तुमचे वकील तयार करतील.

एवढी तयारी झाली की डीलर आणि उत्पादक कंपनी, दोघांनाही लेखी नोटीस द्या. वकिलाचीच नोटीस हवी असं नाही. पण ती स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्हीकडून जाऊ द्या. भाषा रागाची नको. दोष काय, किती वेळा नोंदवला, काय काम झालं, दोष तरी का टिकला, हे तारखांसह लिहा आणि मग मागणी : कंपनीच्या तांत्रिक अधिकाऱ्याने तुमच्या उपस्थितीत गाडी तपासावी, लेखी अहवाल द्यावा आणि पंधरा दिवसांत दोष कायमचा काढावा, अन्यथा गाडी बदलून किंवा किंमत परत द्यावी. दुरुस्तीची ही शेवटची संधी कागदावर देणं महत्त्वाचं आहे. ‘आम्हाला संधीच दिली नाही’ ही तक्रार मग त्यांना करता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवून ठेवा. तिथून आदेश निघत नाही, पण कंपनीच्या वरच्या स्तरावर प्रकरण पोहोचायला मदत होते.

दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात, त्यावर उपाय एकच. तक्रारीत दोघांनाही विरुद्ध पक्ष करा आणि कोणाचं काय चुकलं ते वेगवेगळं लिहा. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात डीलरच्या चुकीसाठी उत्पादकाला जबाबदार धरायला नकार दिला, कारण उत्पादकाविरुद्ध नेमका आरोप आणि पुरावा नव्हता. सदोष गाडी बनवणं आणि वॉरंटी न पाळणं हा कंपनीवरचा आरोप. तक्रार नीट न नोंदवणं, दोष न काढता ‘ओके’ म्हणून गाडी परत देणं ही डीलरच्या सेवेतली कमतरता.

आता आयोगाबद्दल थोडक्यात. गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. शोरूम कुठेही असली तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बिलावर ‘वाद अमुक शहराच्याच न्यायालयात’ असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. शुल्क किरकोळ आहे : किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. मुदत मात्र डोक्यात पक्की ठेवा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती मुदत वाढत नाही, आणि ‘बघतो, करतो’ म्हणत वेळ काढणाऱ्या डीलरला हे चांगलं माहीत असतं.

तक्रार दाखल करतानाच गाडी तज्ज्ञाकडून तपासण्याचा स्वतंत्र अर्ज द्या. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर कलम ३८ खाली आयोग ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. व्यवहारात सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या तज्ज्ञांचीही नेमणूक होते. त्याचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागेल. ते भरा. वारंवारच्या जॉबकार्डांवरच ग्राहकाच्या बाजूने झालेले निकाल आहेत, पण तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून फेटाळलेल्या तक्रारीही आहेत. दुसऱ्या गटात जाण्याचा धोका का पत्करायचा? तपासणी लागणाऱ्या तक्रारी पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तेवढी मनाची तयारी ठेवा.

या काळात गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडू नका. बाहेरून बसवलेला हॉर्न, दिवे किंवा म्युझिक सिस्टिमसाठी वायर कापलेली सापडली, की कंपनी सगळं खापर त्यावर फोडते. चिडून कर्जाचे हप्ते थांबवू नका. बँकेचा या वादाशी संबंध नाही आणि बँकेकडची पत तुमचीच बिघडेल. गाडी डीलरच्या दारात सोडून यायची तर जॉबकार्ड न घेता सोडू नका, नाहीतर उद्या पार्किंगचं भाडं मागतील.

आणखी एक. चालती गाडी अशी बंद पडणं हा फक्त तुमचा प्रश्न नसेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ नुसार, चालक-प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका ठरणारा दोष असेल तर केंद्र सरकार त्या प्रकारच्या गाड्या परत मागवण्याचा आदेश कंपनीला देऊ शकते. पुरेशा मालकांच्या तक्रारी हा त्याचा एक मार्ग आहे. तुमची तक्रार सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर जरूर नोंदवा. चेसिस नंबर टाकून कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी आधीच काही रिकॉल जाहीर केला आहे का, तेही पाहा.

नोटीस गेल्यावर बहुधा फोन येईल आणि गिअरबॉक्स बदलून देतो, वॉरंटी वाढवून देतो, असा प्रस्ताव येईल. तो सरसकट नाकारू नका. खरोखर मुख्य भाग बदलत असतील आणि त्या भागावर नव्याने लेखी वॉरंटी मिळत असेल, तर लांबलेल्या खटल्यापेक्षा ते तुमच्यासाठी बरं ठरू शकतं. पण त्यासोबत ‘माझं पूर्ण समाधान झालं, यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असा छापील कागद पुढे येतो. गाडी हातात घेतल्याच्या क्षणी समाधान झालं की नाही, हे कोणालाच कळत नाही. सही करायचीच असेल तर स्वतःच्या अक्षरात ‘गाडी ताब्यात मिळाली, दोष गेल्याची खात्री वापरानंतरच होईल’ असं वर लिहा, मग खाली सही करा आणि त्याचा फोटो तिथेच काढून घ्या.