संबंधानंतर होणारी जळजळ

प्रश्न : लग्नाला एक वर्ष झाले. निरोध न वापरता संबंध आला की काही मिनिटांतच योनीमार्गात जळजळ सुरू होते, खाज येते आणि सूज दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. निरोध वापरल्यास मात्र काहीच होत नाही. मला पतीच्या वीर्याची ॲलर्जी असेल का?

उत्तर : शक्यता आहे, कारण निरोध वापरल्यावर त्रास अजिबात न होणे ही या ॲलर्जीची महत्त्वाची खूण मानली जाते. ही प्रतिक्रिया बहुधा शुक्राणूंमुळे नव्हे, तर वीर्यातील द्रवात असणाऱ्या, प्रोस्टेट ग्रंथीतून येणाऱ्या प्रथिनामुळे होते, त्यामुळे यात पतीचा किंवा आपला काही दोष आहे असे समजू नये. तरीही आधी नेहमीची कारणे तपासलेली बरी : बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग आणि कोरडेपणा ही कारणे या ॲलर्जीपेक्षा कितीतरी अधिक आढळतात. योनीतील आम्लता साधारण ३.८ ते ४.५ पीएच असते, वीर्य मात्र किंचित अल्कलीयुक्त असते, म्हणून आधीच नाजूक झालेल्या त्वचेला ते झोंबू शकते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून स्रावाची तपासणी करून घ्यावी, आणि मेडिकलमधून आणलेले मलम परस्पर लावू नये, कारण त्याने निदान अवघड होते. ॲलर्जीच ठरल्यास निरोध, संबंधापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲलर्जीरोधक गोळी, किंवा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली संवेदनशीलता कमी करण्याचे उपचार असे मार्ग आहेत. मूल हवे असल्यास धुतलेले, म्हणजे वीर्यातील द्रवापासून वेगळे केलेले शुक्राणू गर्भाशयात सोडता येतात. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास घेण्यास त्रास झाला, तर वाट न पाहता तातडीने रुग्णालयात जावे.