एच-इंडेक्स सहा

"रात्री दोनला जाग येते आणि हात आधी मोबाइलकडे जातो. गुगल स्कॉलर उघडते. आकडा तोच असतो. मग उजाडेपर्यंत झोप नाही."

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) शिकवणाऱ्या एका डॉक्टरबाईंचं हे समुपदेशनाच्या पहिल्या भेटीतलं बोलणं. (ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत.) त्यांचं वय 43, एच-इंडेक्स 6. संशोधकाच्या पेपरांचा, म्हणजे शोधनिबंधांचा, इतरांनी किती उल्लेख केला यावरून हा आकडा निघतो आणि गुगल स्कॉलर या संकेतस्थळावर दिसतो. त्यांच्याच बॅचचा एक मित्र इंग्लंडमध्ये हृदयरोगतज्ज्ञ आहे, त्याचा 31. बढती तोंडावर आलेली. त्यातच फोनवर निरोप आला होता: तयार पेपरवर तुमचं नाव घालतो, इतके हजार पडतील. त्यांनी पैसे दिले नव्हते, पण निरोप पुसलाही नव्हता. "पुसला नाही, याचीच लाज वाटते," म्हणाल्या आणि रडू लागल्या.

त्या दिवशी मी आकड्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. रडणाऱ्या माणसाला गणित समजावू नये.

संशोधन करणारे डॉक्टर माझ्याकडे येतात, तेव्हा खूपदा हाच प्रश्न घेऊन येतात: माझ्या कामाचा कोणी उल्लेखच करत नाही, म्हणजे ते काम फुकट गेलं का?

दुसऱ्या भेटीत त्यांना त्यांच्याच विषयातलं विचारलं. "तुमच्या विद्यार्थ्याने दोन जिल्ह्यांचे मृत्युदर लोकसंख्येची वयोरचना न बघता शेजारी शेजारी मांडले, तर?"

"प्रबंध परत पाठवीन. जिथे म्हातारी माणसं जास्त, तिथे मृत्युदर जास्तच दिसणार."

"मग 6 आणि 31 शेजारी कसे मांडलेत?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग कागद ओढून स्वतःच लिहू लागल्या.

एच-इंडेक्स ही कल्पना 2005 मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडली. 6 म्हणजे किमान सहा-सहा वेळा उल्लेख झालेले सहा पेपर. एकच पेपर लिहिला आणि त्याचा उल्लेख चारशे वेळा झाला, तरी हा आकडा 1 च राहतो. तो वाढतो, सहसा खाली येत नाही. मित्राचे बरेचसे पेपर अनेक देशांत चाललेल्या चाचण्यांचे, लेखकांची यादीच पानभर. बाईंचे पेपर सर्पदंशावरचे: रुग्ण दवाखान्यात उशिरा का पोहोचतो, सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुठे संपतं. भारतात 2000 ते 2019 या काळात वर्षाला सरासरी 58,000 माणसं सर्पदंशाने गेली, असा एक मोठा अंदाज आहे. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत सर्पदंश पक्का बसायला 2017 उजाडलं. एखाद्या विषयावर किती जण पेपर लिहितात त्यावर सायटेशन, म्हणजे हे उल्लेख, ठरतात. त्या आजाराने किती जण दगावतात, याच्याशी त्यांचा संबंध नाही. शेतात अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या आजारावर लिहिणारेच थोडे, मग उल्लेख करणारे कुठून येणार? हे वाक्य त्यांचंच आहे, मी फक्त ऐकत होते.

शिवाय उल्लेख म्हणजे शाबासकी असंही नाही. गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा 1998 चा पेपर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. तो चूक आहे हे सांगणाऱ्यांनाही त्याचा उल्लेख करावाच लागतो, आणि मोजणीत तेही धरले जातात.

मग विषय डॉ. हिम्मतराव बावस्करांवर आला. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती, तेव्हा त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं आणि पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन वापरून जीव वाचवले. बाई म्हणाल्या, "इंटर्नशिपला विंचू चावलेलं एक पोर आलं होतं. प्राझोसिन दिलं, वाचलं. तेव्हा कुणाचे सायटेशन किती, हे डोक्यातही आलं नव्हतं."

आकडे विसरा, असं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. बढतीला पेपर लागतात, पगार त्यावर आहे, ते नाकारणं खोटं झालं असतं. आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. नियमाला किती पेपर लागतात ते कागदावर लिहिलं, एकच कमी होता. आणि स्कॉलर महिन्याच्या पहिल्या रविवारीच, सकाळी चहा घेताना उघडायचं. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. दुसऱ्याच आठवड्यात नियम तीनदा मोडला. त्यांनी येऊन ते सांगितलं, हे मला जास्त मोलाचं वाटलं. विकतच्या पेपरचा निरोप त्यांनी माझ्यासमोर पुसला.

कपाटात 14 प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या सर्पदंशाच्या नोंदी दोन वर्षं पडून होत्या. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांचे सरासरी किती उल्लेख होतात तो आकडा) मोठा असलेलं जर्नल घेणार नाही, म्हणून लिहायलाच घेतलं नव्हतं. दिवाळीनंतर लिहायला बसल्या. गेल्या महिन्यात तो पेपर एका भारतीय जर्नलकडे गेला आणि त्याचा दोन पानी मराठी सारांश त्या चौदाही केंद्रांना. एका केंद्रातल्या सिस्टरचा फोन आला: इंजेक्शन संपत आलं की आधी कुणाला कळवायचं? बाईंनी त्यांना नंबर दिला.

जाग अजूनही कधी कधी दोनला येते. फोन स्वयंपाकघरात असतो.