प्रतिपिंडे: डेंग्यूच्या रिपोर्टपासून खरवसापर्यंत

पावसाळा सुरू झाल्यापासून सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांमध्ये रक्ताच्या रिपोर्टवरील ‘आयजीएम’ आणि ‘आयजीजी’ या अक्षरांविषयीचे प्रश्न सर्वाधिक आहेत. ही दोन्ही प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटिबॉडीजच्या, प्रकारांची नावे आहेत. इतर काही पत्रांतील शंकाही शेवटी प्रतिपिंडांपाशीच येऊन थांबतात, म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : बारावीच्या मुलांना प्रतिपिंडांचे पाच प्रकार पाठ असतात, पण एकाच कामासाठी पाच प्रकार कशाला, असे विचारले की ती गप्प होतात. त्यांना हे कसे समजावून सांगावे? (एक शिक्षिका, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : काम एकच आहे हे गृहीतकच मुलांना अडवते. परक्या पदार्थाला, म्हणजे प्रतिजनाला, नेमके ओळखून धरणे हे प्रतिपिंडाचे एक काम, आणि धरल्यानंतर शरीराकडून पुढची कारवाई करवून घेणे हे दुसरे. ही दोन कामे एकाच रेणूची दोन निरनिराळी टोके करतात. फळ्यावर गलोलीचे बेचके काढा. त्याच्या दोन फांद्यांची टोके प्रतिजनाला धरतात आणि खालचा दांडा पुढचे काय ते ठरवतो. संपूर्ण रेणू चार प्रथिनसाखळ्यांचा बनलेला असतो. दोन जड साखळ्या फांदीपासून दांड्यापर्यंत जातात, दोन हलक्या साखळ्या फक्त फांद्यांपुरत्या असतात, आणि गंधकाचे बंध या सगळ्यांना एकत्र बांधून ठेवतात. प्रत्येक साखळीच्या टोकाकडील सुमारे 110 अमिनो आम्लांचा भाग प्रतिपिंडागणिक बदलतो, आणि त्यातही तीन लहान वळणे प्रतिजनाशी प्रत्यक्ष भिडतात. रॉडनी पोर्टर यांनी पपईच्या चिकातील पपेन या विकराने (एन्झाइमने) रेणूचे तुकडे केले, तेव्हा फांद्या आणि दांडा वेगळे झाले. जेराल्ड एडलमन यांनी साखळ्या सुट्या करून दाखवल्या. या कामासाठी दोघांना 1972 चे नोबेल मिळाले.

प्रकार ठरतो तो जड साखळीच्या न बदलणाऱ्या भागावरून, म्हणजे मुख्यतः दांड्यावरून. आयजीजीच्या दांड्याला भक्षक पेशी पकडू शकतात, जंतू नष्ट करायला मदत करणारी रक्तातील पूरक प्रथिने त्याच्यापासून कामाला लागतात आणि वारेतील पेशी त्याला आईकडून बाळाकडे पोचवतात. रक्तातील प्रतिपिंडांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आयजीजी असते आणि त्याचे अर्धे प्रमाण उतरायला जवळपास तीन आठवडे लागतात. आयजीएममध्ये अशी पाच बेचकी दांड्यांशी जोडलेली असतात, म्हणून धरण्याच्या जागा दहा होतात. आयजीए जोडीने लाळ, अश्रू, आईचे दूध आणि आतड्यातील स्रावांत उतरते. आयजीईचा दांडा अ‍ॅलर्जीची लक्षणे घडवणाऱ्या मास्ट पेशींवर जाऊन बसतो, तर आयजीडी मुख्यतः प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींच्या पृष्ठभागावर आढळते. मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा, की तीच बी पेशी फांद्यांची टोके कायम ठेवून दांडा बदलू शकते. म्हणजे शत्रू तोच राहतो, पण त्याच्याविरुद्धची कारवाई बदलते.

प्रश्न : तापाच्या सहाव्या दिवशी मुलाच्या रिपोर्टवर डेंग्यूचे ‘एनएस1 निगेटिव्ह, आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह’ असे आले. डेंग्यू आहे की होऊन गेला? (इस्लामपूर)

उत्तर : एनएस1 हे विषाणूचे स्वतःचे प्रथिन आहे, प्रतिपिंड नव्हे. ते तापाच्या पहिल्या दिवसांत सापडते आणि पुढे कमी होत जाते, त्यामुळे सहाव्या दिवशी ते न सापडल्याने डेंग्यू नाकारता येत नाही. नव्या शत्रूविरुद्ध बी पेशी आधी आयजीएम तयार करतात. त्याची एकेक पकड फारशी घट्ट नसते, पण दहा जागांमुळे ती उणीव भरून निघते. डेंग्यूत ते साधारण चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिसू लागते. पहिल्याच संसर्गात आयजीजी त्यामागून, सावकाश येते. इतक्या लवकर दोन्ही एकत्र दिसत असतील, तर पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला असण्याची आणि हा दुसरा संसर्ग असण्याची शक्यता अधिक आहे. दुसऱ्या वेळचा डेंग्यू गंभीर होण्याचा धोका जास्त असतो; म्हणून ताप उतरल्यावर निर्धास्त न होता पोटदुखी, सततच्या उलट्या, रक्तस्राव, सुस्ती यांवर लक्ष ठेवावे आणि यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठावे. आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहू शकते, त्यामुळे बरे वाटल्यावर पुन्हा पुन्हा तीच तपासणी करून घेण्यात पैसे घालवू नयेत.

टायफॉइडच्या विडाल तपासणीविषयीही हेच म्हणावे लागेल. तीही प्रतिपिंडेच मोजते, आणि एकाच वेळच्या विडालवरून टायफॉइड ठरवण्याची आपल्याकडची सवय मला पटत नाही. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करणे अधिक भरवशाचे.

प्रश्न : आमच्या भावकीतील एकाला घोणस चावली. तो वाचला, पण दहा दिवसांनी त्याला ताप, सांधेदुखी आणि अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या. विष परत उसळले, असे लोक म्हणतात. तसेच, पुन्हा साप चावला तर एकदा घेतलेले इंजेक्शन पुरते का? (शिराळा)

उत्तर : विष उसळलेले नाही. आपल्याकडचे प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांची विषे अल्प, वाढत्या मात्रेत टोचतात. त्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली की रक्तरस काढून ती वेगळी केली जातात. येथे रेणूची रचना थेट उपयोगी पडते. विषाला धरायला फांद्या पुरेशा असतात आणि घोड्याचा दांडा माणसाच्या शरीराला खुपतो, म्हणून पेप्सिन हे विकर वापरून दांडा छाटला जातो आणि एकमेकींना जोडलेल्या दोन फांद्या तेवढ्या ठेवल्या जातात. तरीही ते प्रथिन परकेच. रुग्णाचे शरीर त्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे बनवते, दोहोंचे पुंजके रक्तवाहिन्यांत आणि सांध्यांत अडकतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी आपण वर्णन केलेला त्रास होतो. तो औषधांनी आटोक्यात येतो. मात्र अंगावर काढू नये.

दुसऱ्या शंकेचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. ही प्रतिपिंडे उसनी असतात. ती काही दिवसांत निघून जातात, आणि ती बनवणारी पेशी घोड्याच्या शरीरात राहते, आपल्या नव्हे. पुन्हा दंश झाला तर प्रतिविष पुन्हा लागेलच, आणि पूर्वी ते घेतले होते हे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. लहान मुलाला मोठ्या माणसाइतकीच मात्रा दिली म्हणून नातेवाईक कधी कधी वाद घालतात. पण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही, आणि मात्रा विषाच्या प्रमाणात द्यायची असते, वजनाच्या नव्हे. प्रतिविष चारही सापांवर चालते, तेव्हा साप मारून रुग्णालयात आणण्यात वेळ दवडू नये.

प्रश्न : खरवस खाल्ल्याने रोगप्रतिकारशक्ती वाढते का? (विटा)

उत्तर : खरवस चवीसाठी खावा. चिकात प्रतिपिंडे भरपूर असतात हे खरे. पण उकडताना ती उष्णतेने गोठतात, आणि खरवसाची वडी पडते त्यात या प्रथिनांचा मोठा वाटा असतो. गोठलेले प्रथिन पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखेच पचते. त्या प्रतिपिंडांची खरी गरज वासराला असते. माणसाच्या बाळाला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतून आयजीजी मिळते, गाई-म्हशींच्या वारेतून मात्र ते जात नाही, म्हणून वासरू जवळजवळ प्रतिपिंडांविना जन्मते. त्याचे आतडे चिकातील प्रतिपिंडे अखंड रक्तात घेऊ शकते, पण ती सोय तासागणिक कमी होत सुमारे 24 तासांत बंद होते. तेव्हा पहिल्या धारांचा चीक शेजाऱ्यांकडे पाठवण्यापूर्वी जन्मानंतरच्या पहिल्या दोन-चार तासांत वासराला पोटभर पाजावा.

बाळंतिणीच्या चिकाचे काम थोडे वेगळे आहे. त्यातील आयजीए बाळाच्या रक्तात फारसे जात नाही. ते आतड्याच्या अस्तरावर राहून जंतूंना तेथे चिकटू देत नाही. काही घरांत अजूनही तो पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवतात. दोन्ही थांबले पाहिजे.

प्रश्न : शिंका येतात म्हणून तपासले तर आयजीई वाढलेले निघाले. ही अ‍ॅलर्जीच का? (तासगाव)

उत्तर : केवळ एकूण आयजीईवरून सांगता येत नाही, कारण पोटातील जंतांमुळेही ते वाढते. आधी जंतांचा विचार व्हावा, आणि शिंका कोणत्या हंगामात, कोणत्या कामानंतर येतात याची नोंद ठेवावी.

प्रश्न : माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, पतीचा बी पॉझिटिव्ह आहे. निगेटिव्हचीच एवढी काळजी का करतात? (कराड)

उत्तर : ‘ए’ आणि ‘बी’विरुद्धची नैसर्गिक प्रतिपिंडे बहुतांशी आयजीएम असतात आणि आयजीएम वार ओलांडत नाही. ओ गटाच्या स्त्रियांत त्यांपैकी काही आयजीजी असू शकतात, पण बाळाला होणारी कावीळ सहसा सौम्य राहते. ज्या आरएच घटकावरून रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ठरते, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे मात्र आयजीजी असतात. पहिल्या प्रसूतीच्या वेळी पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तपेशी आईच्या रक्तात मिसळल्या तर ती तयार होतात आणि पुढच्या गरोदरपणात वार ओलांडून त्या बाळाच्या रक्तपेशी नष्ट करतात. हे टाळण्यासाठी अँटी-डी हे बाहेरून तयार केलेले प्रतिपिंड 28 व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत देतात. आईच्या शरीराने स्वतःची प्रतिपिंडे बनवायला सुरुवात करण्यापूर्वीच त्या परक्या पेशी काढून टाकल्या जातात. गर्भपात झाला असेल तरी हे इंजेक्शन लागते, आणि ही गोष्ट घरात लपवली गेल्याने ते अनेकदा राहून जाते. प्रतिपिंडे एकदा तयार झाली की त्याचा उपयोग होत नाही, म्हणून पहिल्याच तपासणीच्या वेळी आईच्या रक्तात अशी प्रतिपिंडे आहेत का ते पाहणारी इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी करून घ्यावी आणि पूर्वीचा प्रत्येक गरोदरपणा, टिकलेला असो वा नसो, डॉक्टरांच्या कानावर घालावा.