प्लेअर नंतर घ्या, आधी तो बाँड परत करा

पत्र : ‘मी सांगलीच्या गावभागात राहतो. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झालो, वय 60. आमच्या हौशी नाट्यमंडळींच्या प्रयोगांचं मी हँडीकॅमवर चित्रीकरण करायचो. पुतण्याने ते सगळं साठ सीडींवर भरून दिलंय, फाइलींच्या नावापुढे ‘एव्हीआय’ दिसतं. 2019 च्या पुरात प्लेअर गेला, सीडी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. टीव्ही 32 इंची एलईडी आहे. दुकानदार 2,800 चा डीव्हीडी प्लेअर दाखवतो आणि 9,500 चा ब्लू-रे. कुठला घेऊ? घाई नाही. निवृत्तीचे 14 लाख मिळाले, त्यातले 2 लाख बँकेतल्या साहेबांनी मुदतठेवीपेक्षा चांगल्या योजनेत टाकून दिलेत. दरवर्षी 2 लाख, दहा वर्षं, पंधराव्या वर्षी 40 लाख. तिचं पहिल्या वर्षाचं व्याज आलं की प्लेअर घ्यायचा विचार आहे. कंपनीचा फोन आला होता, साहेबांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्याला हो म्हटलं. कागद तीन तारखेला कुरिअरने आले, अजून उघडले नाहीत. पेन्शन 3,200, घरखर्च 15,000, मुलगा पुण्याहून 3,000 पाठवतो.’

तुम्ही लिहिलंत घाई नाही. घाई आहे, पण प्लेअरची नाही. आज एकोणीस तारीख. हे वाचलंत की आधी ते पाकीट फोडा.

आत पॉलिसी बाँड, म्हणजे विमा कराराचा मूळ कागद असणार. तुमची योजना ही मुदतठेव नाही, ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे. ‘दरवर्षी भरा, दहा वर्षं भरा, पंधराव्या वर्षी घ्या’ अशी बँकेची ठेव नसते, आणि ठेवीची खातरजमा करायला कंपनीतून फोनही येत नाही. त्या फोनवर तुम्हाला बहुधा विचारलं असेल, की हा विमा आहे हे कळलंय ना, हप्ता दहा वर्षं भरायचाय हे मान्य आहे ना. तुम्ही हो म्हणालात आणि त्यांच्याकडे ते ध्वनिमुद्रित झालं. ‘सगळ्याला हो म्हणा’ असं माणूस का सांगतो, याचा विचार तुमच्यासारख्या हिशेबनिसाने जरूर करावा.

पहिल्या वर्षाचं व्याज तर विसराच. तुम्ही सांगितलेल्या मांडणीत पंधराव्या वर्षापर्यंत हातात काही येत नाही. ज्या पैशावर तुम्ही प्लेअर घेणार होता, तो पैसा येणारच नाही, उलट पुढच्या वर्षी याच सुमारास आणखी 2 लाखांची मागणी येईल.

आता एक गुणाकार. 2 लाख गुणिले दहा म्हणजे 20 लाख. तुमच्याकडे होते 14. पेन्शन आणि मुलाचे पैसे धरून महिन्याला 6,200 येतात आणि खर्च 15,000, म्हणजे 8,800 त्याच चौदातून काढावे लागणार, वर्षाला लाखाच्या वर. त्यावर 2 लाखांचा हप्ता. उरलेले 12 लाख चार वर्षंही पुरत नाहीत. पाचव्या हप्त्याच्या आसपास तुम्ही थांबाल आणि मधेच थांबणाऱ्याचं अशा पॉलिसीत नुकसान होतं. तुमचं उत्पन्न विचारून, कागदावर मांडून पाहिलं असतं तर हे विकताच आलं नसतं. मला राग आहे तो याचा.

‘चाळीस’ या आकड्याबद्दलही सांगतो. बाँडबरोबर बेनिफिट इलस्ट्रेशन नावाचा तक्ता असतो. त्यात खात्रीची रक्कम वेगळी असते आणि 4 टक्के व 8 टक्के गृहीत धरून केलेले अंदाज वेगळे असतात. तुम्हाला 8 च्या रकान्यातला आकडा सांगितला असावा, तपासून पाहा. तरी समजा, पूर्ण चाळीस मिळाले. पैसे सरासरी साडेदहा वर्षं अडकतात, त्या हिशेबाने परतावा पावणेसात टक्क्यांच्या आसपास बसतो. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना 8.2 टक्के देते, दर तिमाहीला व्याज खात्यावर जमा करते आणि त्यामागे केंद्र सरकार आहे. चाळीस हातात येतील तेव्हा तुमचं वय 75 असेल. तुम्हाला पैसा लागणार आहे पुढच्या महिन्यापासून.

सुटका अजून शक्य आहे. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांच्या आत ती कारण देऊन परत करता येते, याला फ्री लूक पिरियड म्हणतात. तुमचे सोळा दिवस गेलेत, चौदा उरलेत. पूर्वी ही मुदत साधारणपणे 15 दिवसांची होती. 2024 च्या नियमांत विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ती सरसकट 30 केली. त्यामुळे काउंटरवर कुणी ‘साहेब, पंधरा दिवस उलटले’ म्हणालं तर उठून येऊ नका. पैसे परत देताना मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि झालेल्या दिवसांपुरता विम्याचा खर्च कापतात. बाकीचे सगळे मिळतात.

साध्या कागदावर अर्ज करा : पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख, आणि ‘मुदतठेव सांगून ही पॉलिसी देण्यात आली, मला ती नको, फ्री लूकमध्ये रद्द करा’ हे एक वाक्य. मूळ बाँड आणि खात्याचा रद्द केलेला चेक जोडा. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत स्वतः द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन पोच जपून ठेवा, आणि तोच मजकूर कंपनीच्या ईमेलवर पाठवा. बँकेतल्या साहेबांकडे तो कागद ठेवून येऊ नका. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण ‘मी बघतो, पुढच्या आठवड्यात या’ यात दोन आठवडे सहज जातात. कुरिअरचं पाकीट फेकू नका, तारखेचा पुरावा तोच. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मग आयआरडीएआयच्या 155255 या क्रमांकावर किंवा त्यांच्याच ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर, आणि तिथेही नाही झालं तर पुण्याचे विमा लोकपाल आहेत.

हे इतकं ताणून सांगतोय, कारण माझ्या आईच्या बाबतीत हेच झालं होतं. बाँड देवघराच्या कपाटात महिनाभर तसाच पडला होता आणि मी घरी गेलो तोवर मुदत संपली होती.

पैसे परत आले की 12 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, पत्नीबरोबर जोडखातं काढा. तिमाहीला 24,600 येतील, महिन्याला 8,200. परत आलेले जवळपास 2 लाख साध्या मुदतठेवीत आजारपणासाठी, व्याज महिन्याला हजाराच्या आसपास. पेन्शन आणि मुलाचे पैसे मिळवले तर 15,400 होतात. खर्च 15,000. जेमतेम बसतं. महागाई वाढेल तसं ते बसणारही नाही, म्हणून मुलाशी आत्ताच मोकळेपणाने बोला. त्याला ही पॉलिसी माहीत आहे का, हे पत्रात कुठेच नाही.

आता प्लेअर. 9,500 चा ब्लू-रे नको. हँडीकॅमचं चित्र मुळात साध्या दर्जाचं, महाग यंत्राने त्यात नवा तपशील येत नाही. त्या काळच्या एव्हीआय फाइली बहुतेक डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड पद्धतीने दाबलेल्या असतात, म्हणून तर अख्खा प्रयोग 700 एमबीच्या सीडीत मावतो. खोक्यावर डिव्हएक्सचं चिन्ह असलेला 2,800 चा प्लेअर या कामाला पुरतो. मोबाइलमधल्या नव्या एमपी4 फाइली मात्र त्याच्यावर चालतील असं धरू नका. त्या बहुधा एच.264 पद्धतीच्या असतात, आणि प्लेअरमधल्या चिपला ती पद्धत येत नसेल तर दुकानदाराने काहीही सांगितलं तरी चित्र दिसत नाही. जादा वॉरंटी आणि हप्त्याची योजना, दोन्हींना नाही म्हणा.

त्याआधी एक करून पाहा. टीव्हीला यूएसबी खाच असेल, तर पुतण्याला एक फाइल पेन ड्राइव्हवर टाकायला सांगा. ती टीव्हीवर थेट लागली तर प्लेअरची गरजच नाही. साठ सीडी म्हणजे जास्तीत जास्त 42 जीबी. 32 जीबीचे दोन पेन ड्राइव्ह घ्या, 64 चा एक नको. जुनी यंत्रं फॅट32 पद्धतीचा पेन ड्राइव्ह ओळखतात आणि 64 चे बहुतेक एक्सफॅट पद्धतीचे येतात. शिवाय एक प्रत पुण्याला मुलाकडे ठेवा. घरी भरलेल्या सीडींचा रंगथर वर्षांबरोबर खराब होतो आणि गावभागात पाणी पुन्हा येऊ शकतं.

टीव्हीने फाइल घेतली नाही आणि प्लेअर घ्यायचाच झाला, तर दुकानात स्वतःच्या तीन सीडी न्या, त्यातली एक सगळ्यात जुनी असू द्या. पहिली दोन मिनिटं पाहून पैसे देऊ नका. सीडी आतून बाहेर भरली जाते आणि बोटं, ओरखडे जास्त लागतात ते बाहेरच्या कडेला, म्हणजे प्रयोगाच्या शेवटच्या प्रवेशाला. तो पडदा पडेपर्यंत चालवून बघा.