6 मीटरच्या गाळ्यासाठी (दोन आधारांमधील अंतरासाठी) आयएसएमबी, म्हणजे आय आकाराचा प्रमाणित पोलादी गर्डर निवडताना बेंडिंग (वाकणे) आणि शिअर (कातरले जाणे) या दोनच तपासण्या पुरेशा आहेत का? आधी कोणती करावी?

आधी बेंडिंगची करावी. दोन्ही टोकांना नुसता टेकलेला आणि लांबीभर सारखा भार असलेला गर्डर शिअरमध्ये क्वचितच अडतो. आखूड गाळा किंवा आधाराजवळचे जड यंत्र असेल तर गोष्ट वेगळी. दोनच तपासण्या मात्र पुरत नाहीत, आणि केवळ तेवढ्यासाठी मी हे उत्तर लिहीत आहे.

तुम्ही भार दिलेला नाही, म्हणून जळगावात माझ्या शालकांच्या डाळ मिलमध्ये मी केलेल्या माळ्याचे आकडे सांगतो. गाळा 6 मीटरचाच होता आणि गुणक लावलेला (सुरक्षिततेसाठी वाढवून धरलेला) भार मीटरला 30 किलोन्यूटन होता. त्यामुळे मोमेंट (गर्डर वाकवणारा परिणाम) 135 किलोन्यूटन-मीटर आणि टोकाचा शिअर 90 किलोन्यूटन आला. 250 मेगापास्कलच्या पोलादातील आयएसएमबी 300 ची क्षमता आयएस 800:2007 या पोलादी बांधकामाच्या भारतीय संहितेनुसार बेंडिंगमध्ये सुमारे 148 किलोन्यूटन-मीटर आणि शिअरमध्ये सुमारे 295 किलोन्यूटन भरते. शिअर क्षमतेच्या 60 टक्क्यांपेक्षा बराच खाली असल्याने मोमेंटमध्ये त्यासाठी घट करावी लागली नाही.

मात्र 148 हा आकडा वरची फ्लँज (गर्डरची आडवी पट्टी) बाजूला सरकणार नाही असे गृहीत धरून आलेला आहे. माळ्यावर सुट्या लाकडी फळ्या होत्या, आणि त्या फ्लँजला धरून ठेवत नाहीत. म्हणून मी दर दीड मीटरवर गर्डर एकमेकांना जोडणारे आडवे अँगल दिले होते. पुढे चाळणीचे यंत्र हलवताना ते आड आले, तेव्हा "दाजी, हे अँगल वजन घेतच नाहीत, उगाच लोखंड वाया गेले," असे म्हणत शालकांनी ते गॅसने कापून टाकले. वेल्डरनेही मान डोलावली. मला हे कळले ते तुरीची पोती रचली जात असताना, मधला गर्डर "जरा वाकडा दिसतो" असा फोन आला तेव्हा. दोरी लावून पाहिले, तर वरची फ्लँज मधोमध 25 मिलिमीटर बाजूला गेली होती, आणि तोवर माळा पूर्ण भरलाही नव्हता.

हेच लॅटरल टॉर्शनल बकलिंग, म्हणजे दाबाखालील फ्लँज बाजूला सरकून गर्डर पिळवटणे. सबंध 6 मीटर लांबी मोकळी धरून त्याच गर्डरची क्षमता काढली, तर ती 148 वरून सुमारे 56 किलोन्यूटन-मीटरवर उतरते. अँगल वजन घेत नाहीत हे खरेच आहे. त्यांचे काम दाबाखालील फ्लँजला जागेवर धरण्याचे असते, आणि त्यासाठी संहिता फ्लँजमधील कमाल बलाच्या अडीच टक्के बल मागते. इथे ते सुमारे 12 किलोन्यूटन येते. एवढ्याशा बलासाठी दिलेले बारीक लोखंड पाहणाऱ्याला निरुपयोगी वाटते, आणि ड्रॉइंग न वाचता गॅस कटर उचलणाऱ्यांना ते हमखास वाटते. असा अँगल काढण्याचा निर्णय ना मालकाचा असतो, ना वेल्डरचा.

झोलही पाहावा: गुणक न लावलेल्या, मीटरला 20 किलोन्यूटन भाराखाली हा गर्डर सुमारे 19.6 मिलिमीटर लवतो. गाळ्याच्या 1/300 या मर्यादेने 20 मिलिमीटर चालतात, म्हणून फळ्यांच्या माळ्याला तो जेमतेम बसतो. तडकणारी फरशी असेल तर 1/360 म्हणजे 16.7 मिलिमीटरची मर्यादा लागते आणि हाच गर्डर नापास होतो. आधाराशी वेब (गर्डरची मधली उभी पट्टी) चिरडण्याची तपासणी मी येथे सोडून दिली आहे, पण तुम्ही सोडू नका. आणि 56 हा आकडा लांबीभर सारखा मोमेंट धरून काढलेला आहे. पसरलेल्या भाराला तो थोडा वाढतो, तर भार वरच्या फ्लँजवर ठेवलेला असेल तर पुन्हा घटतो, म्हणून तो जसाच्या तसा उचलू नये.

मधला गर्डर बदलला आणि अँगल पुन्हा बसवले. शालक मात्र प्रत्येक लग्नकार्यात चार लोकांसमोर आजही सांगतात की तो गर्डर दुकानातूनच वाकडा आला होता.